रेघ्या बसला की खेळ थांबतो

हेमराज गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या झेरॉक्सच्या दुकानात कॉलेज-प्रवेशाची गर्दी होती. दाखल्याच्या तीन प्रती, गुणपत्रिकेच्या दोन, आधार कार्ड दोन्ही बाजूंनी... फोन खांदा आणि कानाच्या मधे दाबून मी म्हणालो, "बोल पल्लवी." ती म्हणाली, "काका, बाबा गेले." आणि मी विचारलं, "कुठं गेले?" असा मी ठार मूर्ख माणूस. आठवडाभर तो दवाखान्यात होता, दोनच दिवसांपूर्वी मी त्याच्या उशाशी बसून आलो होतो, तरी मी त्याच्या मुलीला विचारलं, कुठं गेले. समोर उभ्या असलेल्या पोरीची गुणपत्रिका तिच्या हातात दिली, शटर ओढलं आणि निघालो.

तेरवीला जो भेटला तो एकच म्हणत होता, "सुटला बिचारा." लहानपणापासून सिकलसेल, महिन्या-दोन महिन्यांनी हाडं दुखून अंथरुणाला खिळणं, रक्त चढवणं... एवढ्यात हेमराज संपवून लोक जेवायला बसत होते. मला राग आला. सोसलं त्यानं, मान्य. पण सोसणं हा काही त्याचा धंदा नव्हता. त्याचा धंदा होता चित्रं काढणं. गोंदिया जिल्ह्यातली सुपरहिरोंची पहिली टोळी त्यानं काढली, आणि माझ्या माहितीत तरी दुसरी कोणी काढलेली नाही. त्या टोळीची गोष्ट लिहून ठेवावी म्हणून हा खटाटोप. बिचारा हा शब्द या लेखात पुन्हा येणार नाही.

आम्ही दोघं तेव्हा एकोणीस वर्षांचे होतो. मी बारावीत आपटून भावाच्या दुकानात बसलो होतो, आणि हेमराज आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडाच्या बाजूच्या एका गावातून गोंदियाला कॉलेजसाठी आला होता. धानाची शेती करणारं पोवाराचं घर. घरात पोवारी बोलायचा, माझ्याशी झाडीतलं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाकडचं मराठी, आणि दुकानात दुसरं गिऱ्हाईक असलं की गोंदियाचं हिंदी. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठीवर शाईनं काढलेली आठ पानं त्यानं काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "याचे चाळीस करून दे. आन पान वर-खाली नको होऊ देऊ, गोष्ट हाये त्यात." मी वाचत बसलो. रेल्वेचे रूळ नुसत्या हातानं वाकवणारा सांधेवाला, तेंदूच्या पानांची ढाल करणारी तेंदूबाई, प्रतापगडाच्या दगडातून निघालेला गडोबा आणि रेशमाच्या कोशाच्या धाग्यावर झोका घेत या झाडावरून त्या झाडावर जाणारी कोसा. समोर राक्षस कोण, तर राईस मिलच्या भुशातून उभा राहिलेला भुसासुर. त्यानं श्वास सोडला की बांध्याच्या बांध्या, धानाची अख्खी खाचरं, भुशाखाली गडप व्हायच्या. टोळीचं नाव 'झाडीचे चार'. चार बरं का. पाचवा कोणी नव्हता.

पाचवा माझ्यामुळे जन्मला, आणि तोही गाढवपणामुळे. मशीनच्या ड्रमवर शाईचा डाग धरला होता. ड्रमला हात लावायचा नाही असं भावानं शंभरदा बजावलं होतं, पण मी शहाणा. ब्लेडच्या टोकानं डाग खरवडला. डाग गेला आणि ओरखडा राहिला. चाळीस अंक निघाले ते प्रत्येक पानावर वरून खालपर्यंत एक काळी उभी रेघ घेऊन. हेमराज अंक न्यायला आला तेव्हा मी आधीच सुरू केलं, मशीन जुनी आहे, कागद ओला होता, लाइट कमी-जास्त होऊन राहिली होती. नाचता येईना अंगण वाकडं. त्यानं एकेक पान उलटून पाहिलं. मला वाटलं आता हा भांडणार. पण तो खाली पाट ओढून बसला, खिशातून पेन काढलं आणि पहिल्या पानावरच्या रेघेला दोन डोळे काढले. मग खाली दोन पाय. मग एक फुगा काढून आत लिहिलं, 'थांबा रे, मी बी आलो.' असे आठ पानांचे चाळीस अंक त्यानं दोन दिवस बसून हातानं पुरे केले. प्रत्येक चौकटीत चौघांच्या मागं तो बारकासा रेघ्या. तिसऱ्या दिवशी मुखपृष्ठावरचा 'चार' खोडून त्यानं वर 'पाच' लिहिलं.

अंक बसस्टँडजवळच्या पुस्तकांच्या टपरीवर चिमट्यानं दोरीला लटकायचे, शाळाशाळांतून हातोहात फिरायचे, परत यायचे तेव्हा कोपरे गेलेले असायचे. पोरांना रेघ्याच आवडायचा. मला मात्र तो डोळ्यांसमोर नको व्हायचा. एक तर तो माझ्या फजितीचं चालतं-बोलतं पोस्टर होता, आणि दुसरं म्हणजे हेमराजनं त्याला विचित्र स्वभाव दिला होता. रेघ्या कोणत्याही फटीतून शिरू शकायचा, कुलूप असो की भिंत असो. पण चार पावलं चालला की बसायचा. बसला की बाकीचे चौघं थांबायचे. भुसासुर समोर नाचतो आहे, पूल कोसळतो आहे, आणि हे चौघं थांबलेले! चौथ्या अंकाच्या वेळी मी न राहवून म्हणालो, "हेमराज, त्या रेघ्याले मारून टाक ना यार. स्टोरी स्लो होऊन राहिली."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तो मरत नाही बे, तो थकते," तो म्हणाला. "थकला म्हणून मारून टाकाचं का?" आणि पानं गुंडाळून निघून गेला.

मग दोन महिने आला नाही. मी म्हटलं, रुसला असेल, कलाकार माणूस. पण चैन पडेना, म्हणून धानाच्या रोवणीच्या दिवसांत त्याच्या गावाला गेलो. तो शेतावरच भेटला, बांधीच्या कडेला धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाखाली खाटेवर, भर दुपारी घोंगडी पांघरून. सिकलसेलचं मला तोवर माहीत नव्हतं, त्यानं कधी सांगितलंच नव्हतं. त्याची आई सोनाबाई बांधीतून चिखलाच्या हातांनीच वर आली. "काऊन आलास रे पोरा? त्याले न्यायले? नाही येऊ शकत तो अजून. थंड पाण्यात पाय पडला का त्याचं दुखणं उठते, आन याले तर चिखलात उतराचीच हौस." मी खाटेच्या कडेला टेकलो. समोर दहा-बारा बाया ओळीनं वाकून, मागं मागं सरकत पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावत होत्या. ज्यांनी रोवणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, रोवणी पुढं जात करत नाहीत, मागं जात करतात. लावलेलं धान डोळ्यासमोर राहतं आणि पाय मोकळ्या चिखलात पडतात. प्रत्येकीची आपापली पात असते, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंतचा एक पट्टा. हळूहळू सगळ्या मागच्या धुऱ्याला पोचल्या, एक म्हातारी मात्र अर्ध्या बांधीतच राहिली. मला वाटलं, आता या पाणी पितील, तंबाखू काढतील. पण नाही. दोघी-तिघी धुऱ्याकडून म्हातारीच्याच पातीत उतरल्या आणि तिच्याकडे पाठ करून मागं सरकत लावू लागल्या. इकडून म्हातारी मागं येते आहे, तिकडून या. शेवटी पाठीला पाठ लागली आणि सगळ्या हसल्या.

"पाहिलं?" हेमराज घोंगडीतून म्हणाला. "एकीची पात राहिली तर बांधी झाली असं कोणी म्हणत नाही." मला तेव्हा कळलं. रेघ्या ही माझ्या मशीनची थट्टा नव्हती. तो स्वतः होता, आणि मी त्याला तोंडावर म्हणालो होतो, मारून टाक. माफी मागायची मला सवय नाही. मी म्हणालो, "पाचवा अंक कधी देतो?"

तो बरा होऊन गोंदियाला परतला त्या सुमारास आमच्या गल्लीत एकानं खोलीत टीव्ही मांडून कॅसेटचे गेम सुरू केले होते. पोरांची झुंबड असायची. मी हेमराजला घेऊन गेलो. दोन पोरं एकाच पडद्यावर दोन हिरो चालवत होती. एकाचा हिरो खड्ड्यात अडकला, दुसऱ्यानं आपला पुढं दामटला, पडदा सरकला आणि मागं राहिलेला हिरो पडद्याच्या कडेला लागून मेला. पोरं ओरडली. हेमराज उभाच राहिला. "हे कोणी बनवलं बे?" तो मला म्हणाला. "मागं राहिला म्हणून मेला?" त्याच संध्याकाळी त्यानं आलेखाच्या कागदांची वही घेतली. प्रत्येक सुपरहिरो सोळा घरं रुंद, सोळा घरं उंच, घरं रंगवून काढलेला. रेघ्या एकच घर रुंद. पाच जणांच्या पाच पाती, भुशानं भरलेली बांधी, आणि नियम असा की पाचही पाती लागल्याशिवाय पडदा सरकणार नाही. गोंदियात तेव्हा असा गेम बनवणारा कोण सापडणार? त्याला त्याची फिकीर नव्हती. वही भरली की तो दुसरी घ्यायचा, अशा सात झाल्या.

नंतर तो चिचगडच्या शाळेत चित्रकला शिक्षक झाला. लग्न झालं, पल्लवी झाली. एक डॉक्टर त्याला तरुणपणी म्हणाले होते, तिशी पाहशील की नाही सांगता येत नाही. त्यानं पन्नाशी पाहिली, आणि शाळेच्या प्रत्येक भिंतीवर काही ना काही काढून ठेवलं. कॉमिक मात्र अकराव्या अंकाला थांबलं. दुखणं बोटांत आलं होतं. वह्या ट्रंकेत गेल्या. त्या तीन वर्षांपूर्वी पल्लवीनं बाहेर काढल्या. ती नागपूरला सॉफ्टवेअरचं काम करते. निखिल नावाच्या मित्राबरोबर तिनं ठरवलं की बाबांचा गेम करायचा, आणि करायचा तो जुन्याच धाटणीचा. जाड चौकोनांची चित्रं, मोजके रंग, पीं-पीं वाजणारं संगीत. रोज संध्याकाळी ती बापाला फोन करायची आणि हेमराज पडल्या पडल्या हुकूम सोडायचा. "तेंदूबाईचं लुगडं हिरवं नको, धानात दिसणार नाही." मला वाटतं ही तीन वर्षं तो त्या गेमच्या जोरावरच जगला.

अडलं ते थांबण्यापाशी. नागपुरात वीस-पंचवीस तरुण पोरांना फोनवर खेळायला दिला तर पहिल्यांदा रेघ्या बसला तिथंच निम्म्यांनी फोन खाली ठेवला. चौघांच्या पाती लागलेल्या, ते कडेला उभे, आणि रेघ्या दम खाऊन एकेक रोप लावतो आहे. खेळणाऱ्यानं करायचं काय? बघत बसायचं. निखिलचं म्हणणं, थांबणं काढा, रेघ्या मागं राहिला तर राहू द्या. पोरगा वाईट नाही, हिशेबाचं बोलत होता. हेमराज दवाखान्यातून म्हणाला, "रेघ्या बसला का खेळ थांबते. तेच काढाचं असंल तर बाकीचं कायले ठेवता?" याचा निकाल लागायच्या आत तो गेला.

तेरवीनंतर चार दिवसांनी पल्लवी दुकानात आली. जुन्या धर्तीच्या गेमांचा एक मेळावा होता, तिथं पाठवायची मुदत तोंडावर आली होती. "काका, काढून टाकू का?" ती म्हणाली. "कोणी खेळलंच नाही तर बाबांचं राहील काय?" तिचे डोळे सुजलेले होते. मला तिचा राग येईना, आणि हो म्हणवेना. संगणकातलं मला ओ की ठो कळत नाही, माझं बोलणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. तरी म्हणालो, "आठ दिवस दे. वह्या ठेवून जा." एकोणिसाव्या वर्षी ज्याला मारून टाक म्हणालो होतो, त्याला आता पुन्हा मारू देणार नव्हतो. एवढंच माझं ठरलं होतं.

मला एकच काम येतं, ते मी केलं. सातही वह्यांच्या प्रती काढायला बसलो. एकेक पान काचेवर पालथं ठेवायचं, सरळ करायचं, पाहायचं. तिसऱ्या वहीत रेघ्या बसल्याचं पान आलं. चौघं कडेला काढलेले, त्यांची रेघ्याकडे पाठ, आणि पायाखाली पेन्सिलीचा बारीक बाण, तो मात्र रेघ्याच्या दिशेनं. पुढच्या पानावर तेच. चौघं थोडे मागं आलेले, पाठ तशीच. मी तिथूनच फोन लावला. "पल्लवी, यात चौघांची तोंडं उलटी काऊन आहेत?"

"ती चूक होती काका. बाबांना तेव्हा ताप असेल. मी चौघांना सरळ करून रेघ्याकडे बघत उभं केलं."

"पोरी, तू रोवणी केलीस का कधी?"

ती कुठली करणार! शिक्षकाची मुलगी, शाळेच्या आवारात वाढलेली. हेमराजनं तिला चिखलात कधी उतरू दिलं नव्हतं, तिच्या रक्तातही बापाचा थोडा सिकलसेल आहे म्हणून. त्याला वाटलं असेल, एवढं तर कोणालाही दिसेल, सांगायचं काय त्यात. दुसऱ्या दिवशी ती आणि निखिल आले, आणि मी गिऱ्हाइकांच्या देखत दुकानात कमरेत वाकून, उलटा उलटा सरकत, काउंटरपासून पंख्यापर्यंत रोवणी करून दाखवली. एक वकीलसाहेब कागद हातात धरून बघतच राहिले. "ते चौघं थांबत नाहीत," मी म्हणालो. "ते मागं येऊन त्याची पात लावतात. पाठीला पाठ लागेपर्यंत." पल्लवीनं वही छातीशी धरली आणि तिथंच स्टुलावर बसून रडली. निखिलनं तिला रडू दिलं. मग हळूच म्हणाला, "चार दिवसांत होईल, काका."

झाला. गेल्या रविवारी सकाळी गोंदियातल्या मुलींच्या एका वसतिगृहात आम्ही तो भिंतीवर मोठा करून लावला. मुली सगळ्या खेड्यांवरच्या, सालेकसा, देवरी, अर्जुनीकडच्या. निखिल म्हणत होता, रेघ्या बसला की पडद्यावर एक ओळ लिहू, मागे जा म्हणून. मी अडून बसलो, लिहायचं नाही. सोनाबाईला गावाहून मुद्दाम आणली होती, ती पहिल्या ओळीत खुर्चीवर पाय वर घेऊन बसली. नववीतली एक मुलगी खेळायला लागली. चार पाती लागल्या. रेघ्या बसला. मुलगी क्षणभर थबकली, आणि मागून तीन-चार जणी एकदम ओरडल्या, "अवं, तिची पात राहिली ना, जाय ना!" रेघ्या त्यांच्यासाठी 'ती'च झाली होती. चौघं मागं सरकू लागले, एकेक रोप लागत गेलं, पाठीला पाठ लागली आणि पडदा पुढं सरकला. असा गलका झाला की अधीक्षिकाबाई धावत आल्या. मी पल्लवीकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर माझंच कठीण होतं. सोनाबाई मला विचारत होती, "यात माहा हेमराज कोणता?" मी दाखवला. तिनं डोळे बारीक केले. "लयच बारीक काढला," ती म्हणाली. "जेवतच नव्हता तो." गेम तसाच्या तसा मेळाव्याला गेला आहे. तिथं काय होईल ते होवो, त्यातलं एक घरही आता बदलणार नाही.

एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. गोंदिया स्टेशनच्या पुलावर हेमराजला एका दमात चढता यायचं नाही. अर्ध्यात, जिना जिथं वळतो तिथं तो पायरीवर बसायचा आणि म्हणायचा, "तू हो समोर, मी येतो." आणि मी व्हायचो. तीस वर्षं. त्याला अवघड वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगायचो, आणि वर उभा राहून घड्याळ पाहायचो. तो आपला सावकाश यायचा आणि म्हणायचा, "चाल." एकदाही मी चार पायऱ्या खाली उतरलो नाही. रविवारी दुपारी सोनाबाईला गाडीत बसवून द्यायला तोच पूल चढलो. तिची पिशवी घेऊन मी वर पोचलो, मागं वळून पाहिलं तर ती त्याच वळणावर टेकली होती. हात हलवून म्हणाली, "तू हो समोर बापू, मी येतेच." मी खाली उतरलो आणि तिच्या बाजूला बसलो. "गाडी जाईल ना रे," ती म्हणाली. मी म्हणालो, "जाऊ दे, माय. संध्याकाळी दुसरी हाये." गाडी सुटली तेव्हा आम्ही दोघं त्या पायरीवरच बसलो होतो.